विजयदुर्गावरून दिसणारा युरोप

मागच्या महिन्यात आमच्या गावच्या वाचनालयात 'युरोपचं पुढे काय' यावर चर्चा ठेवली होती. ऐन आंब्याच्या धामधुमीत, आढी लावायची सोडून पन्नास-साठ माणसं युरोपवर बोलायला जमतात ही गोष्ट देवगड तालुक्यातच घडू शकते, ते असो. बोलणारे दोघं. एक बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ, त्यांचं म्हणणं युरोपने आता भारतासारखं सरळ एक होऊन जावं, एक सरकार एक सैन्य एक तिजोरी, नाहीतर रशिया आणि चीन खाऊन टाकतील. दुसरा स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारा मुलगा, हुशार आहे, पण त्याचं सगळं गणित ब्रेक्झिटवर, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं त्यावर, बसवलेलं, पहिली विकेट पडली आता बाकीच्या पडणार, राष्ट्र हेच खरं बाकी सगळी कागदी घोडी. दोघांनाही टाळ्या पडल्या. दोन तास झाले, भजी संपली, आणि नेमका कुठला विषय कोणाकडे द्यायचा, त्याचे पैसे कोणी भरायचे आणि चुकलं तर जाब कोणाला विचारायचा हे कोणीच विचारलं नाही.

मी तिथे बोललो नाही, म्हणून इथे लिहितोय. 'जास्त युरोप की कमी युरोप' हा वादच मला बाद वाटतो. युरोपीय संघाने, म्हणजे आज सत्तावीस देशांच्या त्या एकत्र संघटनेने, हातात थोडेच विषय ठेवावेत, म्हणजे संरक्षण, परराष्ट्र धोरण, चलन आणि त्या चलनाला लागणारी तिजोरी, बाजार तर आहेच, पण जे ठेवेल ते पूर्ण ठेवावं, तिथे एकट्या देशाचा व्हेटो, म्हणजे एकट्याने निर्णय अडवायचा हक्क, नको. उरलेलं सगळं देशांना, आणि देशांनी त्यांच्या प्रांतांना, बिनधास्त परत द्यावं. आज नेमकं उलटं आहे. बारीकसारीक गोष्टींत संघ जबरदस्त, आणि मोठ्या गोष्टी आल्या की सत्तावीस जणांची तोंडं सत्तावीस दिशांना.

बारीकसारीक गोष्टीत संघ किती जबरदस्त असतो हे देवगडात कोणाला शिकवायला नको. २०१४ आठवा. १ मे पासून भारतातल्या आंब्याला युरोपात बंदी, सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूलासुद्धा. कारण काय तर आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळभाज्यांच्या २०७ खेपांमध्ये किडी सापडल्या होत्या, त्यात फळमाशी. आमच्या शेजाऱ्यांकडे एक्स्पोर्टसाठी निवडून ठेवलेला माल होता, एकसारखा, डाग नाही, देठ नीट कापलेला. तो सगळा पुन्हा पेंढ्यात भरून वाशीला पाठवला, आणि वाशीला त्या वर्षी काय भाव मिळाला ते विचारू नका. ते खळ्यात बसून एकच विचारत होते, "आंबो खाणारो लंडनात, मगे बंदी घालणारो ब्रसेल्सात कसो?" ब्रसेल्स म्हणजे संघाचं मुख्यालय, आणि प्रश्न अगदी बरोबर होता. युरोपात जाणारा आपला बहुतेक आंबा तेव्हा ब्रिटनमध्येच जायचा, तिथल्या काही खासदारांनी ओरडही केली, पण निर्णय अठ्ठावीस देशांचा मिळून होता, लंडन एकटं काही करू शकत नव्हतं. आपल्याकडे तपासणी आणि प्रक्रिया सुधारली तेव्हा कुठे जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठली. खरं सांगायचं तर बंदी अगदीच अन्यायाची नव्हती, फळमाशी होती हे आम्हाला पण माहीत होतं, आणि त्या दणक्यानेच आमच्याकडचे लोक गरम पाण्याच्या प्रक्रियेबद्दल सिरियसली बोलायला लागले.

आता हाच संघ डिसेंबर २०२३ मध्ये बघा. शेजारी युद्ध चालू, युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायची की नाही हा प्रश्न, त्याला सगळ्यांचं एकमत लागतं, आणि हंगेरीचे त्या वेळचे पंतप्रधान ऑर्बान तयार नाहीत. शेवटी तोडगा काय निघाला? ऑर्बान कॉफी प्यायला खोलीबाहेर गेले आणि उरलेल्या सव्वीस जणांनी निर्णय घेऊन टाकला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एखाद्या भांडकुदळ मेंबरला चहाच्या निमित्ताने बाहेर नेतात तसं! त्याच रात्री युक्रेनच्या ५० अब्ज युरोंच्या मदतीला मात्र त्यांनी अडवलंच, ती पुढच्या फेब्रुवारीत पास झाली. माझ्या अळवाच्या पानाला थांबवायला जी यंत्रणा एवढी तत्पर, ती दाराशी आलेल्या युद्धाबद्दल कोण कधी कॉफीला जातो याची वाट बघते. याला एकदम एक देश करा म्हणणं सोपं आहे, मोडून टाका म्हणणं त्याहून सोपं.

हे असं का झालं, तर जन्मच तसा आहे. मुसोलिनीने व्हेंटोटेने नावाच्या बेटावर राजकीय कैदी ठेवले होते, त्यातल्या स्पिनेली आणि रॉसी यांनी १९४१ साली तिथे बसून संयुक्त युरोपचा जाहीरनामा लिहिला, सिगरेटच्या कागदांवर लिहिला असं सांगतात. (समुद्रकाठी माणसं आणून टाकायची रीत आपल्या रत्नागिरीला चांगली ठाऊक आहे, ब्रह्मदेशाचा थिबा राजा तिथेच संपला.) त्यांचं स्वप्न सरळ संघराज्याचं होतं. पण घडलं ते वेगळ्या वाटेने. १९५० मध्ये फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री शुमन यांनी कोळसा आणि पोलाद एकत्र करायची कल्पना मांडली, म्हणजे ज्या मालातून तोफा होतात तोच सामायिक केला की युद्ध करणार कशाने, आणि १९५७ साली रोममध्ये सहा देशांनी बाजार एक करायच्या करारावर सह्या केल्या. मधल्या काळात एकत्र सैन्याचाही करार झाला होता बरं का, कल्पना फ्रान्सचीच, आणि ३० ऑगस्ट १९५४ ला फ्रान्सच्याच संसदेने तो गाडला. पुढे १९६५ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी बहुमताने निर्णय घेण्याला विरोध म्हणून सहा-सात महिने बैठकांतली फ्रान्सची खुर्चीच रिकामी ठेवली, आणि तेव्हापासून 'आमच्या जिव्हाळ्याच्या प्रश्नावर आम्हाला डावलायचं नाही' ही सवय पडली ती पडलीच. म्हणजे आधी बाजार, मग चलन, आणि सरकार नंतर कधीतरी. घर बांधताना कौलं आधी चढवून जोत्याचं नंतर बघू म्हणण्यातला प्रकार.

विरोधकांचे मुद्दे फालतू आहेत असं अजिबात नाही. सगळ्यात तगडा मुद्दा हा, की युरोप नावाची जनताच नाही. चोवीस अधिकृत भाषा, पोर्तुगालच्या मच्छीमाराला फिनलंडच्या मास्तरशी काय घेणंदेणं, आणि जिथे 'आपण' नाही तिथे बहुमताचा निर्णय हरलेल्याने मानायचा कशाला? मला हा मुद्दा खरंच टोचतो. आपल्याकडे संयुक्त महाराष्ट्र झाला तेव्हा भाषा एक होती, १०६ माणसांचं रक्त सांडलं होतं, तरीही विदर्भाची समजूत काढायला १९५३ चा नागपूर करार लागला आणि ती समजूत आजही पूर्ण पटलेली नाही. मग ज्यांची भाषा एक नाही त्यांचं काय होणार?

पण स्वित्झर्लंडकडे बघा, जे स्वतः संघात नाही हा गमतीचा भाग. चार भाषा, दोन पंथ, एकमेकांवर खार खाऊन असलेले कँटन म्हणजे तिथले प्रांत, १८४७ मध्ये तर आपसात छोटं युद्धही झालं, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी संघराज्याची घटना केली. केंद्राला काय दिलं? परराष्ट्र व्यवहार, जकात, चलन, टपाल, असं मोजकंच. शाळा, चर्च, पोलीस सगळं कँटनांकडे. 'आपण स्विस' ही भावना आधी आली आणि मग सरकार आलं असं काही झालं नाही, एकत्र कारभार करता करता ती घट्ट होत गेली. आणि केंद्राकडे मोजकंच होतं म्हणून ती मानवली, तुमच्या शाळेत कुठली भाषा हे राजधानी बर्न ठरवणार नाही याची खात्री होती. जनता नाही म्हणून संघ नको म्हणणाऱ्यांनी हे सांगावं, की २०२० च्या साथीत याच जनता नसलेल्या सत्तावीस देशांनी ७५० अब्ज युरोंचं कर्ज एकत्र काढलं ते कसं जमलं? आदल्या वर्षापर्यंत जर्मनीत ही गोष्ट बोलायची सोय नव्हती.

दुसरा मुद्दा छोट्यांना गिळतील हा. माल्टाची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात आहे, आमच्या सिंधुदुर्गाची २०११ च्या जनगणनेत साडेआठ लाख होती. म्हणजे सिंधुदुर्गापेक्षा लहान देश जर्मनीच्या शेजारच्या खुर्चीत बसतो आणि त्याच्या हातात व्हेटो असतो. ऐकायला काय भारी वाटतं! आमच्या वाट्याला असलं काही असतं तर... आम्हाला तर वैधानिक विकास मंडळं निघाली तेव्हा विदर्भ, मराठवाडा आणि 'उर्वरित महाराष्ट्र' यातल्या उर्वरितात टाकलं. उर्वरित! भाकरीनंतर ताटात उरतं ते उर्वरित. त्यामुळे दूरच्या राजधानीत आपली फाईल तळाला जाते ही भीती मला कोणी समजावायला नको, मुंबई-गोवा हायवेवरून दर गणपतीला आम्ही ती भीती कमरेत अनुभवतो.

तरी व्हेटोने छोट्याचं रक्षण होतं हे मला पटत नाही, कारण जेव्हा खरी वेळ आली तेव्हा झालं नाही. कर्जात बुडालेल्या ग्रीसकडे व्हेटो होता की. ५ जुलै २०१५ ला ६१ टक्के ग्रीकांनी मदतीच्या अटी नाकारल्या, आणि आठवडाभरात त्यांच्याच सरकारला त्याहून कडक अटींवर मान डोलवावी लागली. बँका बंद, एटीएमवर दिवसाला साठ युरो, तिथे व्हेटो घेऊन काय लोणचं घालायचंय? त्यांचं दुखणं हे होतं की चलन सगळ्यांचं एक पण तिजोरी ज्याची त्याची. स्वतःचं चलन असतं तर त्याची किंमत पाडून निभावलं असतं, सामायिक तिजोरी असती तर तिथून आपोआप पैसे आले असते, दोन्ही नाही. आमच्याकडे २०२० ला 'निसर्ग' वादळ आलं, २०२१ ला 'तौक्ते', श्रीवर्धन-दापोलीपासून इथपर्यंत बागा आडव्या झाल्या. मदत आली ती उशिरा आली, तुटपुंजी आली, पंचनाम्याला चार खेपा घालाव्या लागल्या, सगळं मान्य. पण त्यासाठी बाकीच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना रात्रभर बसवून एकेकाची सही घ्यावी लागली नाही, आणि कोकणाला पैसे द्यावेत का यावर तामिळनाडूत निवडणूक झाली नाही. भारत सरकारचा खर्च देशाच्या उत्पन्नाच्या साधारण सातव्या भागाएवढा असतो, युरोपीय संघाचं बजेट सगळ्यांच्या मिळून उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास. एक टक्क्यात चलन सांभाळायचं, सीमा सांभाळायच्या आणि वर सगळ्यांच्या शिव्या खायच्या.

आता विजयदुर्गाकडे येतो, कारण मला हा सगळा वाद ऐकताना तोच किल्ला दिसत होता. मराठ्यांचं राज्य छत्रपती शाहूंच्या काळापासून एक प्रकारचा संघच होतं. १७१३ मध्ये आपल्या श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ कान्होजी आंग्र्यांना भेटले, आंग्र्यांनी शाहूंना धनी मानलं, बदल्यात त्यांचे किल्ले आणि आरमार त्यांच्याकडे राहिलं. मस्त सौदा होता, कान्होजी असेपर्यंत इंग्रज, पोर्तुगीज कोणाला या किनाऱ्यावर डाळ शिजवता आली नाही. पण यात आरमार नक्की कोणाचं, त्याचा खर्च कोणाचा, धन्याचं ऐकलं नाही तर काय, याला उत्तर नव्हतं, ते माणसांच्या संबंधांवर चाललं होतं. पुढची पिढी आली, भाऊबंदकी आली, तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानेनात. तुळाजी काही साधुसंत नव्हते, पेशव्यांच्या मुलखातही त्यांचा त्रास होता. आणि नानासाहेबांनी काय केलं, तर इंग्रजांना सोबत घेतलं. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाईव्ह विजयदुर्गाच्या खाडीत आले, आंग्र्यांचं आरमार जळालं. ते आरमार आंग्र्यांचं तसं मराठ्यांचंही होतं, हे लक्षात यायला उशीर झाला. किल्लासुद्धा इंग्रजांनी लगेच सोडला नाही, बाणकोट पदरात पाडून घेतल्यावरच सोडला.

आणि मग १८०२. होळकरांनी हडपसरला पेशवे आणि शिंदे दोघांना हरवलं, दुसरा बाजीराव महाड, सुवर्णदुर्ग करत याच किनाऱ्याने वसईला पोचला आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह करून बसला. पुढच्या वर्षी शिंदे आणि भोसले लढले तेव्हा होळकर बाजूला थांबले, होळकर लढले तेव्हा शिंदे-भोसले आधीच तह करून मोकळे. प्रत्येक सरदाराकडे व्हेटो होता, फक्त त्याला तेव्हा तो शब्द नव्हता. शूर कमी नव्हते, पैसा अगदीच नव्हता असं नाही, एकत्र निर्णय घ्यायची आणि तो सगळ्यांना बांधील ठेवायची व्यवस्था नव्हती. वाचनालयातल्या त्या मुलाला माझं एवढंच विचारणं आहे, की बाबा रे, शिवाजी महाराजांचा फोटो लावून तू राष्ट्र राष्ट्र म्हणतोस, मग स्वराज्य बुडालं ते केंद्र फार मजबूत होतं म्हणून बुडालं का? आणि बँकवाल्या काकांना हे, की नानासाहेबांनी केंद्र मजबूत करायलाच आरमार जाळलं होतं ना? एक करून टाकू म्हणताना आधी जळतं ते किनाऱ्यावरचं.

ब्रेक्झिटबद्दल थोडं, कारण त्यात मासे आहेत आणि माशांवर आम्ही गप्प बसत नाही. २३ जून २०१६ ला ब्रिटनने ५१.९ टक्क्यांनी बाहेर पडायचं ठरवलं, त्यात तिथले मच्छीमार आघाडीवर होते, आमच्या समुद्रात फ्रेंच आणि डच बोटी कशाला, कोटा ब्रसेल्समध्ये कशाला ठरतो. त्यांचा राग मला कळतो, मालवणच्या रापणकराला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्याला, विचारा, परराज्यातले ट्रॉलर रात्री येऊन खरवडून जातात तेव्हा काय होतं ते. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल राज्याचे, पुढचा समुद्र केंद्राचा, आणि बोट पळाली की ती कोणाच्या हद्दीत हा वाद आधी. पण मालवणातलाच एक म्हातारा रापणकर मला म्हणाला होता ते पण ऐका, "मासो काय हद्द बघून येता? अंडी एकाकडे घालता, मोठो होता दुसऱ्याकडे." म्हणून तर कुठेतरी एकत्र बसून किती मारायचा ते ठरवावंच लागतं. ब्रिटन बाहेर पडलं, आणि मे २०२५ मध्ये त्यांच्याच सरकारने युरोपच्या बोटींना आपल्या समुद्रात २०३८ पर्यंत मुभा देऊन टाकली, कारण त्यांचे मासे विकत घेणारा मुख्य बाजार युरोपच आहे. आधी टेबलावर खुर्ची होती, आता टेबलाच्या पलीकडे उभं राहून घासाघीस करतात. मात्र जाळ्याचा आस, म्हणजे भोक, केवढा, कुठल्या खाडीत कधी जायचं, हे ब्रसेल्सने ठरवायला नको, ते त्या त्या बंदरावर ठरलं पाहिजे. मी 'थोडंच पण पूर्ण' म्हणतो ते हे.

देशांनी प्रांतांना परत द्यावं म्हणालो ते उगाच नाही. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात कौल झाला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही, फूल म्हणजे विलीन, दोन पानं म्हणजे वेगळं, आणि ३४,०२१ मतांनी दोन पानं जिंकली. तेव्हा आमच्याकडे लोक फार हिरमुसले होते, वडील सांगायचे. आज बांद्याची माणसं सकाळी पत्रादेवी ओलांडून गोव्यात कामाला जातात, आजारी पडली की इलाजाला तिकडेच धावतात, कोणाला विलीनीकरणाची आठवणसुद्धा येत नाही, कारण वर भारत नावाचं छप्पर होतं आणि त्याखाली वेगळी चूल मांडायला भीती नव्हती. स्कॉटलंडने २०१६ मध्ये ६२ टक्क्यांनी युरोपात राहायला मत दिलं आणि तरी त्याला बाहेर जावं लागलं, त्यांना हे छप्पर हवं होतं आणि चूल पण.

आता राहता राहिला जाब विचारण्याचा मुद्दा, जो माझ्या मते सगळ्यात कच्चा आहे आणि ज्याचं उत्तर माझ्याकडेही पूर्ण नाही. माझा पुतण्या हॅम्बुर्गला असतो, जर्मन नागरिकत्व घेतलं, जून २०२४ मध्ये त्याने युरोपीय संसदेसाठी पहिल्यांदा मत दिलं. त्या निवडणुकीत मतदान कसंबसं एक्कावन्न टक्के झालं. मे संपत आलेला, मी शेवटच्या पेट्या बांधत होतो, त्याचा व्हिडिओ कॉल आला, हातात घरी आलेली मतपत्रिका, सतरंजीएवढी लांब, पक्षांची नावं संपता संपेनात. मी म्हटलं, "अरे पण याच्यात तुमच्या संघाचा कारभार बघणाऱ्या त्या आयोगाच्या अध्यक्षबाईंचं नाव कुठाय?"

"नाहीये काका. त्या उभ्याच नाहीत."

"मग त्यांना निवडतं कोण?"

"सत्तावीस देशांचे नेते जेवायला बसतात, तिथे ठरतं. मग संसद हो म्हणते. म्हणजे बहुतेक म्हणते."

"आणि नको झाल्या तर?"

तो हसला, म्हणाला थांबा जरा, आणि मतपत्रिका उलटी करून मागे काही लिहिलंय का बघायला लागला.